टनामागे किती, उत्तरामागे किती?

(कारखाना उभारायला आलेल्या पहिल्या पिढीच्या स्मरणार्थ भिलाईत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

कोक ओव्हनचे दार उघडते, पलीकडून पुशर रेटा देतो आणि हजार अंशांच्या आसपास तापलेला लालबुंद कोक गाडीत कोसळतो. गाडी क्वेंचिंग टॉवरखाली जाऊन थांबते. वरून पाण्याचा लोट पडतो आणि क्षणात पांढऱ्या वाफेचा डोंगर उभा राहतो. भिलाईत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे दृश्य वेगळे सांगावे लागत नाही. त्या वाफेबरोबर पाणी उडून जाते आणि कोकच्या पोटातली उष्णताही जाते.

कोरडे क्वेंचिंग आले ते या नुकसानीवर उपाय म्हणून. तापलेला कोक बंद कोठीत घ्यायचा, त्यातून नायट्रोजन फिरवायचा, तापलेल्या नायट्रोजनवर बॉयलर चालवायचा आणि त्या वाफेवर वीज करायची. कोक तोच आणि त्याची उष्णताही तेवढीच. फरक इतकाच की कोणीतरी आकाशात जाणाऱ्या त्या ढगाकडे पाहून, यात किती जाते आहे, हे मोजले होते.

पोलादाच्या माणसाला ही मोजण्याची सवय लागलेली असते. टनामागे कोक किती, टनामागे पाणी किती घनमीटर, टनामागे ऊर्जा किती गिगाकॅलरी. हे आकडे रोज लिहिले जातात, महिन्याच्या बैठकीत त्यावर खडाजंगी होते आणि आकडा वर गेला तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. भट्टीच्या तोंडातून निघणारा वायू जाळून वीज करणे, स्लॅगचे दाणे पाडून ते जामुलच्या सिमेंट कारखान्याला देणे, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणे, या सगळ्या सुधारणा या हिशेबातून आल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पर्यावरणीय भाराचा विषय भिलाईत मांडायचा तो याच कारणाने. मोजणे म्हणजे काय, हे या गावाला ठाऊक आहे आणि नव्या उद्योगाला नेमकी त्याचीच गरज आहे.

हा उद्योग आता दूर राहिलेला नाही. ३ मे २०२५ रोजी नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी रॅकबँक या कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. जागा साडेतेरा एकर, गुंतवणूक १००० कोटी रुपये. सुरुवात ५ मेगावॅटपासून करून पुढे १५० मेगावॅटपर्यंत जाण्याची योजना आहे. भिलाईपासून हे ठिकाण पन्नासेक किलोमीटरवर आहे. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये बसून जेईईचा अभ्यास करणारा मुलगा आज मोबाइलवर एखादी शंका विचारतो तेव्हा ती शंका कोणत्या समुद्रापलीकडे जाते, हे त्याला कळत नाही. उद्या ती कदाचित याच साडेतेरा एकरांत सोडवली जाईल.

५ मेगावॅट म्हणजे किती? पूर्ण भाराने चालले तर दिवसाला १,२०,००० युनिट. पोलाद कारखान्याच्या तुलनेत हा आकडा लहान आहे, हे आधीच कबूल केले पाहिजे. भारतात एक टन कच्चे पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि भिलाईची क्षमता वर्षाला ७० लाख टनांची आहे. तेव्हा डेटा सेंटर हा राक्षस आहे आणि कारखाना ही गाय, असे चित्र रंगवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र कारखान्याचा भार आता घसरणीला लागावा म्हणून धडपड चालू आहे आणि एआयचा भार चढणीवर आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार जगभरातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या ती दीड टक्का भरते. २०३० पर्यंत ती ९४५ वर जाईल असा अंदाज आहे, म्हणजे आज सगळा जपान देश वापरतो त्याहून थोडी जास्तच.

आता एका उत्तराकडे वळू. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने प्रथमच जाहीर केले की त्यांच्या जेमिनीला विचारलेल्या मजकुराच्या एका मध्यम प्रश्नामागे ०.२४ वॅट-तास वीज, ०.०३ ग्रॅम कार्बन आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागते. पाण्याचे म्हणाल तर पाच थेंब. त्याच्या महिनाभर आधी फ्रान्सच्या मिस्ट्राल कंपनीने आपला हिशेब मांडला होता. त्यांच्या मोठ्या मॉडेलच्या पानभर उत्तरामागे १.१४ ग्रॅम कार्बन आणि ४५ मिलिलिटर पाणी. एकीकडे पाच थेंब आणि दुसरीकडे अर्धा कप चहा! यात कोणी खोटे बोलत आहे असे मानण्याचे कारण नाही. उत्तराची लांबी वेगळी, मॉडेल वेगळे आणि मुख्य म्हणजे मोजपट्टी वेगळी. गूगलने डेटा सेंटरच्या आवारात खर्च झालेले पाणी धरले, वीज तयार करणाऱ्या केंद्रातले धरले नाही. मिस्ट्रालने यंत्रांच्या जन्मापासूनचा हिशेब करण्याचा प्रयत्न केला. पोलादाच्या दोन कारखान्यांनी असे आकडे आणले असते तर ‘हद्द कुठे आखली ते आधी सांगा’ असे त्यांना पहिल्याच बैठकीत सुनावले गेले असते.

हद्द थोडी सरकवली तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. गूगलचाच ०.२४ वॅट-तासांचा प्रश्न घ्या आणि तो आपल्या विजेवर चालवा. भारतीय ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे त्या एका प्रश्नामागे ०.१७ ग्रॅम, गूगलने सांगितलेल्याच्या पाचपटीहून जास्त. पाण्याचेही तसेच. औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरावे, अशी मर्यादा केंद्र सरकारने २०१५ मध्ये घातली. ती मर्यादा गाठली जाते असे धरले तर ०.२४ वॅट-तासांमागे वीज केंद्रातच ०.८४ मिलिलिटर पाणी जाते. आवारातल्या पाच थेंबांवर आणखी सोळा-सतरा थेंब. ते डेटा सेंटरच्या मीटरवर दिसत नाहीत, कारण ते कोरब्याला खर्च झालेले असतात.

कोरब्याचे नाव इथे टाळता येत नाही. छत्तीसगडची वीज बहुतांशी कोळशाची आहे आणि कोरब्याच्या केंद्रांमागे गेवरा, दीपका, कुसमुंडा या खाणी आहेत. उत्तरेला हसदेव अरण्य आहे. तिथल्या साल वृक्षांखालचा कोळसा काढायचा की नाही, यावर गोंड-उरांव गावांनी वर्षानुवर्षे लढा दिला आहे. जुलै २०२२ मध्ये राज्याच्या विधानसभेने तिथल्या खाणींविरुद्ध एकमताने ठराव केला आणि २०२४ मध्ये या चळवळीतले आलोक शुक्ला यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. नवा रायपूरचे काचेचे डेटा सेंटर आणि हसदेवचे अरण्य यांच्यामध्ये विजेची एकच तार आहे. ज्याला एआयचा भार कमी करायचा आहे त्याने या तारेच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी, कारण सगळ्यात मोठी बचत तिथे आहे.

याचा पुरावाही आहे, आणि तो फार बोलका आहे. जीपीटी-३ आणि ब्लूम ही दोन मॉडेले जवळजवळ सारख्या आकाराची, पहिल्यात १७५ अब्ज पॅरामीटर, दुसऱ्यात १७६ अब्ज. पहिल्याच्या प्रशिक्षणाला १२८७ मेगावॅट-तास वीज लागली आणि ५५२ टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. ब्लूमला ४३३ मेगावॅट-तास लागले आणि कार्बन पडला फक्त सुमारे २५ टन. वीज एक तृतीयांश, पण कार्बन बावीसपट कमी. कारण ब्लूम फ्रान्समधल्या जाँ झे या महासंगणकावर घडवले गेले आणि तिथली वीज मुख्यतः अणुऊर्जेची आहे. वीज कमी लागली हे खरे, पण मोठा फरक पडला तो तेच काम दुसऱ्या तारेवर केल्याने.

छत्तीसगडमध्ये अशी दुसरी तार कुठून आणायची? भिलाईहून नागपूरच्या रेल्वेमार्गावर चाळीसेक किलोमीटर गेले की राजनांदगाव येते. या जिल्ह्यात १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि त्याला जोडलेली १२० मेगावॅट-तासांची बॅटरी उभी आहे. पंतप्रधानांनी २४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे लोकार्पण केले, तेव्हा देशातला हा अशा प्रकारचा सर्वांत मोठा प्रकल्प होता. गणित करून पाहावे: १२० मेगावॅट-तास म्हणजे ५ मेगावॅटचे डेटा सेंटर बरोबर २४ तास. योगायोग सुंदर आहे. पण केंद्र १५० मेगावॅटचे झाले की तीच बॅटरी ४८ मिनिटांची शिदोरी उरते आणि तीही कागदावर, कारण ती एका वेळी ४० मेगावॅटपेक्षा जास्त देऊ शकत नाही. म्हणून परवानगी देताना अट अशी हवी की केंद्राचा जो टप्पा वाढेल, त्याच्याबरोबर त्याच्या नावाची नवी सौर वीज आणि नवी साठवण उभी राहिली पाहिजे. जुन्या प्रकल्पाची वीज कागदावर आपल्या नावावर करून घेतली तर कोळसा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जातो, कमी होत नाही.

वेळेचाही उपयोग करता येतो. एआयची कामे दोन जातींची असतात. माणूस समोर उत्तराची वाट पाहत बसलेला असतो ते काम थांबवता येत नाही. पण मॉडेल शिकवणे, साठलेल्या हजारो कागदांचे भाषांतर करणे, छायाचित्रे वर्गवार लावणे, ही कामे दुपारी केली काय आणि रात्री केली काय, कोणाचे अडत नाही. शिकवणी मध्येच थांबवून, झाले तिथपर्यंतचे जतन करून पुढे चालू ठेवता येते. ब्लास्ट फर्नेसला ही सवलत नाही. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवायची नसते. सर्व्हरला मात्र ‘ऊन असेल तेव्हा राब’ असे सांगता येते. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांसाठी वेळेनुसार वीजदर लागू होऊ लागले आहेत आणि उन्हाच्या तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त असावी, असे त्यात ठरवले आहे. पैशाचा आणि पर्यावरणाचा फायदा एकाच दिशेला असण्याची वेळ क्वचित येते. इथे ती आली आहे.

पाण्याच्या बाबतीत दुर्ग जिल्ह्याला कोणी शहाणपण शिकवण्याची गरज नाही. १९९८ मध्ये शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्याच्या करारातून, एका खासगी कंपनीच्या ताब्यात गेला. करार २२ वर्षांचा. मागणी असो वा नसो, ठरावीक पाण्याचे पैसे सरकारी महामंडळाने मोजायचे, असे त्यात कलम होते. काठच्या गावांना हे कळले ते कराराचा कागद वाचून नव्हे. नदीत जाळे टाकायला आणि काठावर भाजी लावायला मनाई झाली तेव्हा. देशभर गाजलेल्या या प्रकरणात २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. नदीचे पाणी उद्योगाला द्यायला कोणाचा विरोध नव्हता. तांदुळ्याचे आणि गंगरेलचे पाणी कालव्यांनी मरोदा तलावात येऊन कारखान्याला मिळते आहेच. विरोध होता तो न सांगता दिल्याला.

डेटा सेंटरच्या पाण्याचे करार होतील तेव्हा शिवनाथची ही आठवण टेबलावर असायला हवी. चिपा थंड ठेवण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक म्हणजे कुलिंग टॉवर, त्यात पाणी बाष्प होऊन जाते. दुसरी म्हणजे बंद नळ्यांतून तेच पाणी फिरवत राहणे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ पासून नव्या केंद्रांसाठी असा आराखडा घेतला, ज्यात थंड करण्यासाठी पाणी बाष्प होऊ दिले जात नाही. एका केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून जास्त पाणी वाचेल, असे ते सांगतात. ऐकायला हे निर्विवाद चांगले वाटते. पण बंद नळ्यांतल्या पाण्याची उष्णता काढायला चिलर लावले तर वीज जास्त लागते, आणि ती कोरब्याची असेल तर वाचलेले पाणी तिकडे पुन्हा खर्च होते. म्हणून आवारातले पाणी आणि विजेमागचे पाणी हे दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहिल्याशिवाय कोणत्याही कंपनीचा ‘पाणी शून्य’ हा दावा मान्य करू नये.

चिलरही टाळता येतो, पण त्यासाठी एक गैरसमज सोडावा लागतो. संगणकाला बर्फासारखी थंड खोली लागते, असे अनेकांना वाटते. चिपेच्या अंगालाच पाण्याची पट्टी लावली तर ४० अंशांचे कोमट पाणीही तिला पुरते. म्युनिकजवळच्या लाइब्निझ केंद्रातला सुपरएमयूसी हा महासंगणक २०१२ पासून अशा कोमट पाण्यावर चालवून दाखवला गेला. भिलाईचा मे महिना ४५ अंशांचा असतो, तेव्हा ही युक्ती तोकडी पडेल. उरलेले बरेचसे महिने मात्र साध्या पंख्याच्या रेडिएटरवर निभावू शकतात. थंड करण्यात किती वीज जाते याला या धंद्यात पीयूई म्हणतात: एकूण वीज भागिले संगणकाची वीज. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे, गूगलची १.०९. दीड म्हणजे संगणकाच्या प्रत्येक रुपयामागे आठ आणे थंडाव्याला आणि इतर खर्चाला. कारखान्यातल्या ‘ऑक्झिलरी कन्झम्प्शन’शी झगडलेल्या इथल्या निवृत्त अभियंत्यांना हा आकडा पाहून हात शिवशिवावेत, असा हा विषय आहे.

आणि कोक क्वेंचिंगच्या ढगासारखी जी उष्णता शेवटी बाहेर पडणारच, तिचे काय? युरोपात ती घरांना देतात. इंग्लंडमध्ये एक्समथच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी २०२३ पासून एका छोट्या डेटा सेंटरने तापवले जाऊ लागले. जर्मनीने तर कायदाच केला: जुलै २०२६ नंतर सुरू होणाऱ्या केंद्रांनी आधी १० टक्के, मग वाढत जाऊन २०२८ मध्ये २० टक्के ऊर्जा पुन्हा वापरात आणली पाहिजे. आपल्याकडे घर तापवायची गरज कोणाला? पण नोव्हेंबरमध्ये दुर्ग-धमतरीच्या कोणत्याही रस्त्याने जावे. डांबरावर धान पसरलेले असते, म्हातारी माणसे पायाने ते उलथत असतात, शेजारून ट्रक जातात. खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो, नाहीतर पोती परत. धान वाळवायला चाळीस-पंचेचाळीस अंशांची हवा चालते. फार तापवले तर दाणा तडकतो. चिपांवरून येणाऱ्या पाण्याची उष्णता नेमकी याच टप्प्यात बसते. हे होईलच असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण केंद्रापासून शेत किती दूर, हंगाम किती दिवसांचा, हे प्रश्न आहेत. पण कुटेलाभाठ्याच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी एक हंगाम मोजून पाहावे असे हे काम आहे.

आतापर्यंत वीज कुठून येते आणि तिची उष्णता कुठे जाते, याबद्दल झाले. मुळात वीज लागूच नये, हा भाग राहिला आणि तिथे भिलाईच्या इतिहासातला एक वाद आठवतो. दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींत १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा कामगार नेते शंकर गुहा नियोगी आणि त्यांच्या संघटनेने ‘अर्ध-यांत्रिकीकरण’ मांडले. जिथे यंत्र लागेल तिथे यंत्र, जिथे माणसाच्या हाताने काम नीट आणि स्वस्त होते तिथे माणूस. त्यामागे हजारो मजुरांच्या पोटाचा प्रश्न होता, पर्यावरणाचा नव्हता. तरी त्यातले मूळ म्हणणे आज पुन्हा ऐकावे असे आहे: यंत्राचा आकार कामावरून ठरवावा.

एआयच्या जगात नेमके उलटे चालले आहे. महापालिकेकडे आलेली तक्रार पाण्याची आहे की कचऱ्याची, एवढे ओळखायला शेकडो अब्ज पॅरामीटरचे मॉडेल जुंपले जाते. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी महाबर्ट नावाचे मॉडेल खुले केले. त्याचा आकार अब्जांत नाही, कोटींत मोजावा लागतो आणि वर्गीकरणाचे असे काम ते साध्या यंत्रावर करू शकते. सर्वम कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये २ अब्ज पॅरामीटरचे, भारतीय भाषांसाठीच घडवलेले मॉडेल दिले. युनेस्को आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांनी जुलै २०२५ मध्ये प्रयोगांती सांगितले की कामापुरते छोटे मॉडेल, मॉडेलचे आकुंचन आणि प्रश्न-उत्तराची आटोपशीर लांबी हे तिन्ही एकत्र केले तर ऊर्जा ९० टक्क्यांपर्यंत वाचू शकते.

आकुंचन म्हणजे काय, ते दुकानाच्या भाषेत सांगता येईल. मॉडेलच्या पोटात अब्जावधी आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटांत बारीक लिहिलेला असतो. बहुतेक कामांना इतकी बारकाई लागत नाही. सोनाराच्या काट्यावर रेल्वेचा रूळ कोणी तोलत नाही. तोच आकडा ४ बिटांत लिहिला तर जागा चौथाई होते आणि आकडे इकडून तिकडे वाहून नेण्याची वीज वाचते.

मराठी माणसाला जवळून भिडणारी एक गोष्ट यातच दडली आहे. मॉडेल शब्द वाचत नाही. त्याला दिलेला मजकूर ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत तोडला जातो आणि प्रत्येक तुकड्यामागे वीज लागते. हे तोडण्याचे यंत्र इंग्रजीवर पोसलेले असले की देवनागरीच्या शब्दाचा अक्षरशः भुगा होतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे तोडयंत्र आणले तेव्हा त्यांनी स्वतःच तुलना छापली: स्वतःची ओळख करून देणारे एकच छोटे वाक्य, जुन्या पद्धतीने इंग्रजीत २७ तुकडे आणि मराठीत ९६. नव्या पद्धतीने इंग्रजीत २४ आणि मराठीत ३३. म्हणजे तोपर्यंत मराठीत विचारणारा प्रत्येक जण तेवढ्याच आशयासाठी साडेतीनपट तुकडे मोजत होता, पैशाने आणि विजेने. मराठी शब्द कुठे तोडावा हे नीट ठरवले आणि तुकड्यांचा भार जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला. भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी अशा कामात पडले पाहिजे. मराठीचा चांगला, स्वच्छ मजकूर उपलब्ध करून देणे हेही ऊर्जाबचतीचे काम आहे, हे पाच वर्षांपूर्वी कोणाला पटले नसते.

या सगळ्या सुधारणांसमोर एक जुना इशारा उभा आहे आणि तो कोळशाच्याच पोटातून आला आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवले की वाफेची इंजिने काटकसरी झाली तसा ब्रिटनचा कोळसा कमी लागला नाही, जास्त लागला. कारण स्वस्त झालेले इंजिन जिथे तिथे बसले. गूगल सांगते की एका वर्षात त्यांच्या एका प्रश्नामागची वीज ३३ पटींनी घटली. त्याच गूगलच्या अहवालानुसार २०१९ ते २०२३ या काळात कंपनीचे एकूण उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून उत्तरामागचा आकडा जितका महत्त्वाचा तितकाच वर्षाचा एकूण आकडा. जुन्या चिपांचेही तसेच: दर दोन-तीन वर्षांनी त्या काढून फेकल्या तर २०२० ते २०३० या दशकात जनरेटिव्ह एआयचा ई-कचरा १२ ते ५० लाख टनांपर्यंत जाईल, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवणीतून निवृत्त झालेली चिप उत्तरे देण्याच्या हलक्या कामाला आणखी काही वर्षे सहज चालते.

एकूण आकड्यावर ताबा ठेवायचा तर तो दिसला पाहिजे आणि इथे पोलाद पुढे गेले आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांच्या आत कार्बन असेल तर पोलाद हरित, १.६ च्या आत आले तर पाच तारे. एआयच्या मॉडेलांना तारे देण्याचा खटाटोप फेब्रुवारी २०२५ मध्ये हगिंग फेसने ‘एआय एनर्जी स्कोअर’ या नावाने सुरू केला, पण तो ऐच्छिक आहे आणि बंद दाराआडची मोठी मॉडेले त्यात सहसा उतरत नाहीत. युरोपीय संघाने ५०० किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक डेटा सेंटरला वीज, पाणी आणि उष्णतेचा अहवाल देणे २०२४ पासून बंधनकारक केले. नवा रायपूरचा पहिला टप्पाच त्याच्या दसपट आहे.

१९५५ मध्ये भिलाईचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. वर्ध्याहून, अमरावतीहून, भंडाऱ्याहून जी मंडळी इथे आली त्यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू होताना पाहिली. तेव्हा धुराबद्दल कोणी विचारले नाही, कारण देशाला पोलाद हवे होते. मोजणी नंतर आली, काही ठिकाणी फार उशिरा आली, आणि त्या उशिराची किंमत दल्लीच्या लाल नाल्यांनी आणि वस्त्यांमधल्या छात्यांनी दिली. नव्या उद्योगाबरोबर मोजणी पहिल्या दिवसापासून येऊ शकते. त्यासाठी नवा शोध लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधल्या आदेशानंतर घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांच्या मुख्य दाराबाहेर हवेत काय सोडले, पाण्यात काय सोडले, याचे फलक लागू लागले. तसाच एक फलक सेक्टर २२ च्या दारावर असावा. पहिल्या ओळीत कालची वीज, युनिटमध्ये. त्यातली उन्हाची किती आणि कोळशाची किती. दुसऱ्या ओळीत आवारात खर्चलेले पाणी आणि त्याच्या शेजारी, विजेमागे खर्चलेले पाणी. ५ मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने आणि सगळे कोळशावर चालले तर हा दुसरा आकडा दिवसाला चार लाख वीस हजार लिटर असेल. तिसऱ्या ओळीत किती उष्णता वापरात आली. चौथ्या ओळीत किती उत्तरे दिली. आणि अक्षरे इतकी मोठी असावीत की पाळी बदलताना बसमधून जाणाऱ्यालाही ती वाचता यावीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत.